साखरवण्याच्या शाळेची संमती

रुवी, मस्कत
६ सप्टेंबर २०२५

आपा,

सलाम. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे कागदावर. चहावाला हसन उद्या सुट्टीवर साखरवण्याला येतो आहे. त्याच्याकडे अम्मीच्या गुडघ्याचं मलम, खजुराचा डबा आणि हे पाकीट दिलं आहे. मलम चोळायचं नाही, नुसतं लावायचं. खजूर सगळ्यांसाठी आहेत. तू खाल्ले नाहीस तरी चालेल.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तू काय बोललीस ते बैठक संपायच्या आत इथे पोचलं. ‘हे टॅब मुलांना शिकवत नाहीत, मुलांवर नजर ठेवतात, आणि ते आमच्याच घरच्या मुलीने बनवलेत.’ वाक्य असंच होतं का? मी ते तीन जणांकडून तीन प्रकारे ऐकलं, म्हणून विचारते.

आधी एक दुरुस्ती. टॅब मी बनवलेले नाहीत, ते चीनमधून येतात. त्यांतलं ‘उजळणी’ नावाचं ॲप मी बनवलं आहे. यूनुसकाकांच्या कंपनीत मी रुजू झाले तेव्हा ती दुकानांना बिलाची मशिनं विकायची. शिक्षण विभाग नंतर निघाला आणि त्यात तांत्रिक माणूस मी एकटीच आहे. मूल टॅबसमोर मोठ्याने वाचतं, गणितं सोडवतं. ॲप आवाज साठवतं, चुका मोजतं, मुलाला हिरव्या, पिवळ्या किंवा लाल गटात टाकतं आणि संध्याकाळी पालकांच्या फोनवर निकाल पाठवतं. यात लपवाछपवी नाही.

तुझा दुसरा आक्षेप होता की घरी कोणी विचारलं नाही. या मुद्द्यावर तू चूक आहेस. पालकांच्या संमतीशिवाय एकही खातं उघडत नाही. त्यांच्या नंबरवर सगळा मजकूर जातो, तो वाचून झाल्यावर, आलेला ओटीपी टाकावा लागतो, मगच मुलाचं नाव दिसतं. हा दरवाजा मी स्वतः बांधला आहे आणि तो पक्का आहे. मी नोंदी काढून तुला पाठवते.

माझी इंजिनिअरिंगची फी ओमानात कमावणाऱ्या गावकऱ्यांच्या कमिटीने भरली, हे तू बैठकीत काढायला नको होतंस. ते खरं आहे, पण विषयपत्रिकेवर नव्हतं. आणि कमिटीचं म्हणशील, तर तुझ्या शाळेतल्या चार शिक्षकांपैकी दोघींचं मानधन कमिटीच देते. जिल्हा परिषदेने त्या जागा भरलेल्या नाहीत, हे तू मलाच सांगितलं होतंस. काका कमिटीचे अध्यक्ष आहेत म्हणून ते पैसे वाईट होत नाहीत.

मी बरी आहे. हे तू विचारलेलं नाहीस.

अफशीन


रुवी
२७ सप्टेंबर २०२५

आपा,

नोंदी काढल्या. पाठवत नाही. काय सापडलं ते लिहिते.

संमती सगळ्यांची आहे. पण सगळ्या संमती एकाच फोनवरून, एकाच शुक्रवारी दुपारी, एकामागून एक आलेल्या आहेत. तो फोन रुवीत होता.

मला आधी वाटलं, माझ्याच कामात खोट आहे. दोन दिवस तेच शोधत होते. मग कमिटीचा सेक्रेटरी नबील याच्याकडे गेले. तू त्याला ओळखतेस, वरच्या मोहल्ल्यातला, आता इथे पैसे पाठवायच्या एक्सचेंजमध्ये काउंटरवर बसतो. हसनच्या हॉटेलच्या वर कमिटीची खोली आहे. नमाजनंतर सगळे तिथे जमतात. नबील कॅरम खेळत होता.

“नबीलभाई, जूनमध्ये ‘उजळणी’चे ओटीपी तुम्ही टाकलेत?”

“मीच टाकले. कोण टाकणार मग? बोट दुखलं माझं.”

“ते पालकांनी टाकायचे होते.”

“अगो, पालक इथेच तर होते! अर्धे याच सतरंजीवर. सहमवाले, निझवावाले लांब राहतात, त्यांनी फोनवरून सांगितले. मी ग्रुपवर टाकलं, ‘काकांचं काम आहे, ओटीपी पाठवा.’ धडाधड आले.”

“मजकूर कोणी वाचला?”

त्याने स्ट्रायकर खाली ठेवला. “कसला मजकूर?”

मागून कोणीतरी म्हणालं, “विमानाच्या तिकिटाला ओटीपी, पैसे पाठवायला ओटीपी, सिमकार्डाला ओटीपी. ही पोरगी म्हणते, वाचून द्या. वाचत बसलो तर अर्बाब कामावरून काढून घरी पाठवेल.” सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. गावचं काम आहे, काकांनी मागितलं, नबीलने गोळा केलं. मयताची वर्गणीही अशीच जमते आणि एक पैसा इकडचा तिकडे होत नाही. या माणसांमध्ये ‘ओटीपी दिला’ म्हणजे विश्वास दिला. मी बांधलेल्या दरवाजाला हे कळायची सोय नव्हती. शाळेत नाव घालताना वडिलांचा नंबर दिला जातो आणि आपल्या गावात वडिलांचा नंबर ओमानचा असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मी त्याच गावची आहे.

नंतरच्या शुक्रवारी सहमला गेले. तिथल्या एका दुकानाचं बिलाचं मशीन बिघडलं होतं. ते काम माझं नव्हतं, मी मागून घेतलं, कारण इक्बालभाई त्याच दुकानात असतात. शेतीच्या पाइपांचं आणि बियाण्यांचं दुकान आहे. इक्बालभाई म्हणजे आपल्या शेजारच्या खतिजाभाभींचे मालक, तुझ्या तिसरीतल्या तूबाचे वडील. मी त्यांना विचारलं, ॲप कसं वाटतं?

“चांगलं हाय की. रोज येतं.” त्यांनी फोन काढून दाखवला. तूबा, वाचन, मागे. लाल. मागच्या दिवशीही लाल. त्याच्या मागच्या दिवशीही. “मी म्हटलं तिला, काय गो, बाप इथे उन्हात जळतो आणि तू लाल? शेजारच्या मुलाचं हिरवं येतं, तुला काय झालं?”

“मग?”

“मग काय? आधी इमोवर व्हिडिओ लावून तास तास बोलायची. मांजरीची पिल्लं दाखव, दात पडला ते दाखव. आता माझा फोन आला की आंघोळीला जाते.” ते हसले. “रोज त्याच वेळेला. एवढी स्वच्छ पोरगी अख्ख्या गावात नसेल.”

मी मशीन दुरुस्त केलं. त्यांनी मला पपई बांधून दिली.

परत आल्यावर मी तूबाचं रेकॉर्डिंग ऐकलं. ते ऐकायचा मला अधिकार आहे, म्हणजे तशी सोय आहे. शेळीचा धडा. पहिल्या चार ओळी ती नीट वाचते. मग थांबते, बाजूच्या मुलीला म्हणते, “हिला आता कोल्हा गाठणार, बघ,” आणि दोघी हसतात. मग पुढे वाचते, आवाजात खरीच भीती आणून. तुझ्या वर्गात तू अशा मुलीला काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. ॲपने थांबण्याला चूक धरलं, बोलण्याला चूक धरलं. हसण्यासाठी मी रकानाच केलेला नाही.

हे सगळं तुला आधीच माहीत होतं का? खतिजाभाभी भिंतीपलीकडे राहतात, म्हणजे असणारच. मग बैठकीत ‘नजर ठेवतात’ असं मोघम का बोललीस? तूबाचं नाव घेतलं असतंस तर मी तेव्हाच ऐकलं असतं. कदाचित.

हे पाकीट खतिजाभाभींच्या पार्सलमधून येत आहे.

अफशीन


रुवी
११ ऑक्टोबर २०२५

आपा,

तुझा निरोप पोचला. खतिजाभाभींनी इक्बालभाईंना सांगितला, त्यांनी मला. तो असा पोचला: “तिला म्हणावं, कर सही. मला माणसं हवीत.”

मी इक्बालभाईंना दोनदा विचारलं. ते म्हणाले, शब्दाला शब्द हाच.

मग अम्मीला फोन केला. तिने सांगितलं की तू टॅब कपाटात घालून कुलूप लावलंस, त्यावर कमिटीने दोघी मानधनवाल्या शिक्षिकांना थांबवलं, आणि आता पहिली ते चौथी तू आणि एक गुरुजी एवढेच आहात. गुरुजी निम्मे दिवस तालुक्याला माहिती भरायला जातात. म्हणजे तू. अम्मी म्हणाली, रात्री तुझा आवाज बसलेला असतो.

सहीचं तुला कोणी सांगितलं ते माहीत नाही. काकांनीच पोचवलं असणार. माझ्याकडून ऐकायला हवं होतंस, तेव्हा आता ऐक.

मुंबईची एक क्लासेस चालवणारी कंपनी ‘उजळणी’ विकत घेते आहे. ॲप त्यांना फारसं नको आहे. त्यांना आपल्या आणि आसपासच्या शाळांमधल्या मुलांच्या नोंदी हव्या आहेत. कोण कुठे अडतं, कोणाचा बाप परदेशात आहे, कोणाला लाल दाखवलं की शिकवणी घेईल. त्यांच्या वकिलाने एकच कागद मागितला आहे. प्रत्येक मुलाच्या पालकाने स्वतः वाचून संमती दिली, असं प्रमाणपत्र, तांत्रिक प्रमुखाच्या सहीने. तांत्रिक प्रमुख मी आहे.

काकांशी बोलले. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“बस. चहा घे. बाप देणार की नाही संमती? दिली. नबीलच्या हाताने दिली म्हणून काय झालं? माझं मतसुद्धा गावात माझा भाऊ सांगतो कोणाला द्यायचं.”

“काका, मजकूर कोणी वाचलेला नाही. मी ते सहीने खोटं सांगू?”

“खोटं नको सांगू. सही कर.” मग त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला. “तुझी आपा म्हणते, मी शाळा ताब्यात घेतो. सरकारने दोन वर्षं मास्तर दिला नाही. मी दिला. छप्पर मी घातलं. पोरींच्या संडासाला दार नव्हतं, ते मी लावलं. माझ्या मालाचा धंदा झाला तर त्यातून आणखी चार मास्तर देईन. तुझ्याकडे दुसरा कोण देणारा असेल तर सांग, मी आज बाजूला होतो.”

माझ्याकडे नव्हता. ते खरं बोलत होते आणि त्यांना ते माहीत होतं. दार खरंच त्यांनी लावलं. पण दार लावणाऱ्याला आत कोण काय करतं हे विकता येतं का, हे मला विचारायचं होतं. मला ते वाक्य त्या वेळी सुचलं नाही. ते आत्ता, इथे सुचलं.

“महिनाअखेरपर्यंत दे,” ते म्हणाले. “आणि हे लक्षात ठेव, तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. धमकी नाही देत. आठवण देतो.”

आता तुझ्याबद्दल. महिनाभर मी मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होते आणि हळूहळू हरत होते. हरून तुझ्या बाजूला येऊन पोचले, तर तू तिथून उठून गेली आहेस. तू दमली आहेस हे मला समजतं. एका खोलीत चार इयत्ता म्हणजे काय, हे मी मोजून सांगू शकत नाही, पण अंदाज आहे. तूबाला लाल दाखवणाऱ्या टॅबपेक्षा तिच्यासमोर उभी असलेली शिक्षिका महत्त्वाची, कशीही येवो, कोणाच्याही पैशाने येवो, असं तुझं गणित असेल. ते चुकीचं आहे असं मला सिद्ध करता येत नाही.

तरी मला सही करता येत नाही. यात मोठेपणा काही नाही. कागदावर लिहिलेलं वाक्य खोटं आहे आणि ते माझ्या क्षेत्रातलं वाक्य आहे. एवढंच.

दुसरं काय करता येईल ते बघते.

अफशीन


रुवी
१३ नोव्हेंबर २०२५

आपा,

हे पत्र इक्बालभाई स्वतः आणत आहेत. त्यांची सुट्टी पास झाली. आज रात्रीच्या विमानाने निघतील, शनिवारी तुझ्या हातात देतील. वाचायला एक दिवस मिळेल. तो लागेल.

मी सही केली नाही, नकारही दिला नाही. काकांकडे दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मुदत मागितली. शाळा बंद, टॅब कपाटात, कोणाचं काही अडत नव्हतं, म्हणून त्यांनी दिली. मग मी संमती नव्याने मागितली. माझ्या करारात लिहिलं आहे की नोंदीत खोट आढळली तर ती दुरुस्त करणं हे तांत्रिक प्रमुखाचं काम. मी जुन्या संमती रद्द केल्या आणि घरच्या नंबरांवर नवा निरोप पाठवला.

घरचे नंबर कुठून मिळाले, हेही सांगते. खातं उघडताना दुसरा नंबर घेतला होता, मुलाला ताप आला किंवा लागलं तर कळवायला. तो आयांचा आहे. मी तो दुसऱ्याच कामासाठी वापरला, त्यांची परवानगी न घेता. कंपनीच्या माणसाने नेमकं हेच करू नये, यासाठी मी इतके दिवस भांडते आहे. मला दुसरा रस्ता सापडला नाही. तो नव्हता असं म्हणत नाही.

पहिला मजकूर मीच लिहिला होता. त्यात ‘विदा’, ‘प्रक्रिया’, ‘तृतीय पक्ष’ असे शब्द होते. या वेळी लिहिलं नाही, बोलले. आपल्या घरच्या बोलीत, माझ्या आवाजात. शाळेतल्या टॅबमध्ये तुमच्या मुलाचा आवाज आणि चुका साठतात, त्या आता मुंबईच्या एका क्लासेसवाल्यांना विकायच्या आहेत, तुम्ही हो म्हणू शकता, नाही म्हणू शकता, नाही म्हटलंत तर आवाज आणि चुका दोन्ही पुसून टाकू. बोलताना मी पाचव्यांदा अडखळले तेव्हा शेजारच्या टेबलावरची आकांक्षा म्हणाली, “अगं, राहू दे तसंच. माणूस बोलतंय असं वाटतं.” ती पुण्याची आहे, तिला अर्धं कळलं नव्हतं. मी राहू दिलं.

खाली तीन बटणं होती. हो. नाही. शाळेत येऊन विचारायचं आहे.

तिसरं मी सोय म्हणून ठेवलं होतं. आठ-दहा जणी दाबतील असा माझा अंदाज होता. थोड्या हो म्हणाल्या, थोड्या नाही. खतिजाभाभींनी ‘नाही’ दाबलं आणि वर मला फोन करून ओरडल्या की हे आधी का नाही सांगितलं. बाकी जवळजवळ सगळ्यांनी तिसरं दाबलं आहे. त्यांना दिवस कळवायचा होता. मी ‘सोमवारी, शाळा सुटल्यावर’ असं कळवलं. तुला न विचारता. तुझा आवाज बसलेला असतो हे माहीत असून.

याचा राग धरायचा असेल तर धर. या एका गोष्टीवर मी वाद घालणार नाही.

परवा काकांना कळलं. नबीलनेच सांगितलं, त्याच्या बायकोला निरोप गेला होता. काकांनी मला बोलावलं.

“माझ्या कंपनीत बसून माझ्या गावाला माझ्याविरुद्ध विचारतेस?”

“तुमच्याविरुद्ध नाही, काका. तुमच्याबद्दलही नाही. मुलांबद्दल विचारलं.”

“बायका काय सांगणार?”

“सोमवारी कळेल.”

त्यांनी माझ्या बॅगेकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “लॅपटॉप ठेव टेबलावर. यल्ला, निघ. खलास.” मी ठेवला. दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “जेवलीस का?” मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

व्हिसा डिसेंबरअखेर रद्द होईल. तोवर दुसरी नोकरी मिळाली तर इथे, नाही तर तिकडे. मुंबईवाले थांबले आहेत, गेलेले नाहीत. हो म्हणालेल्या मुलांच्या नोंदी ते घेऊ शकतात आणि माझ्या जागी येणारा माणूस उरलेल्यांचंही काय करेल ते मी सांगू शकत नाही. नाही म्हणालेल्यांच्या नोंदी मी लॅपटॉप देण्याआधीच पुसल्या होत्या. त्या परत येणार नाहीत, एवढं खात्रीने सांगते. आणि तुझ्या शिक्षिका परत आलेल्या नाहीत. माझ्या सहीने त्या आल्या असत्या. हेही मी विसरलेले नाही.

इक्बालभाई मघाशी माझ्याकडे येऊन गेले. ‘उजळणी’चे निकाल उघडून फोन पुढे केला. “हे काढून टाक यातून.”

“बघू नका म्हणजे झालं.”

“असलं तर बघतो मी. काढूनच टाक.”

काढलं. मग म्हणाले, तूबासाठी काय नेऊ? मी म्हटलं, तुम्ही चालला आहात ना. म्हणाले, तरीपण. त्यांनी रंगांची मोठी पेटी घेतली आहे.

आता सोमवारचं. बायका काय विचारतील, याचा मी विचार केला आहे. तुला प्रत्येकीला सांगता यावं म्हणून लिहिते.

टॅबमध्ये काय साठतं? मुलाने वाचलेलं सगळं, मध्ये बोललेलं सगळं, बाजूच्या मुलाचं ऐकू आलेलंही. ते कोण ऐकतं? मी ऐकू शकत होते, काका सांगतील तो ऐकू शकतो. बहुतेक वेळा कोणीच ऐकत नाही, मशीन मोजतं. लाल म्हणजे मूल ढ आहे का? नाही. लाल म्हणजे मी ठरवलेल्या मापात बसलं नाही. ते माप मी रुवीत बसून ठरवलं, एकाही मुलाला न भेटता. नाही म्हटलं तर शाळेतून काढतील का? नाही. हे मोठ्याने सांग, बऱ्याच जणींना हीच भीती आहे. नाही म्हटलं तर कमिटी शिक्षक देणार नाही का? बहुतेक नाही देणार. हेही सांग. लपवू नकोस. हो म्हणायचं असेल तर त्यांनी हे माहीत असून म्हणावं. आणि जिल्हा परिषदेला अर्ज करायचा म्हणाल्या तर तुझ्या एकटीच्या नावाने नको, त्यांच्या नावांनी करा.

एक प्रश्न राहतो. कोणीतरी विचारेलच, बहुधा खतिजाभाभी: आमच्या मुलांचे आवाज साठवायचेच कशाला होते? याचं उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते कंपनीच्या माहितीपत्रकासारखं झालं, म्हणून खोडलं. साठवता येत होते म्हणून साठवले, याहून खरं काही मला सापडलं नाही. तेच सांग. माझं नाव घेऊन सांग.

अफशीन